‘नशिबात होते’ हे कोणी म्हणावे?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या मोहल्ल्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. गाठ साधी होती, कर्करोगाची नव्हती. तरी कवटी उघडूनच ती काढावी लागणार होती. शाबान महिन्याच्या मध्यास शहरातील एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झाले, नवव्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले आणि रमजानच्या तिसऱ्या रात्री चाचा तरावीहसाठी पहिल्या सफीत येऊन उभे राहिले. टोपीच्या कडेखालून जखमेची ताजी रेघ दिसत होती. त्या रात्री नमाजनंतर मी चार शब्द बोललो. तरुणांकडे पाहून म्हणालो की, डोक्याचे ऑपरेशन झालेले आपले चाचा रोजा धरून वीस रकअती उभे राहतात, आणि तुमचा हात मोबाईलवरून हलत नाही. लोकांनी ‘माशाअल्लाह’ म्हटले. चाचांनी मान खाली घातली. मला ती नम्रता वाटली.

नवव्या रोज्याच्या दिवशी अस्रच्या सुमारास त्यांना घरातच फिट आली आणि ते चुलीच्या ओट्यावर आपटले. त्याच रुग्णालयात त्यांना पुन्हा दाखल करावे लागले आणि आठ दिवस तेथे राहावे लागले. फिट येऊ नये म्हणून त्यांना दिवसातून तीन वेळा गोळी दिलेली होती. पहिल्या रोज्यापासून दुपारची गोळी बंद झाली होती. त्यात तरावीहचे जागरण आणि सहेरीसाठी मोडलेली झोप. डॉक्टरांनी मला सांगितले की, मेंदूच्या ऑपरेशननंतर अपुरी झोप हेदेखील फिट येण्याचे एक कारण ठरते. गोळी चुकणे आणि झोप मोडणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ते तरुण डॉक्टर रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “यांना रोजा धरायला कोणी सांगितले?”

कोणीही सांगितले नव्हते. आणि तरीही मी सांगितले होते.

चाचा शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ बसलो आणि जे मनात होते ते बोलून मोकळा झालो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “मौलाना, मनाला लावून घेऊ नका. माझ्या नशिबात होते.” हे वाक्य आपल्या घरांतून आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यावर विचार करावा असे कधी वाटत नाही. त्या दिवशी मात्र ते ऐकून मला दिलासा मिळाला आणि लगेच त्या दिलाशाची लाज वाटली. चाचांचे म्हणणे खोटे होते काय? तकदीरीवर ईमान ठेवणारा मनुष्य त्याला खोटे कसे म्हणणार? मग ते खरे असेल, तर माझी चूक गेली कोठे?

त्याच डॉक्टरांकडून मला कळले की अशा परत येण्याला त्यांच्या शास्त्रात वेगळे नाव आहे. ठरवून नव्हे, तर अचानक पुन्हा दाखल व्हावे लागणे. घरी सोडल्यापासून साधारणतः तीस दिवसांच्या आत असे घडले तर त्याची मोजणी होते. मेंदू आणि मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याची कारणे अनेक असतात. जखमेत पू होतो. मेंदूभोवतीचे पाणी जखमेतून किंवा नाकातून झिरपू लागते. डोक्यातील साचलेले पाणी काढण्यासाठी बसवलेली नळी तुंबते. मेंदूवर साचलेले जुने रक्त काढल्यानंतर ते पुन्हा साचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीचे ऑपरेशन झाले असेल, तर काही दिवसांनी रक्तातील सोडियम एकाएकी उतरते आणि घरी ठीक दिसणारा रुग्ण गुंगीत जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होते. यातील काही गोष्टी टाळता येतात, काही जगातील सर्वांत निष्णात हातालाही टाळता येत नाहीत.

हा भेद आपल्या फिकहला नवा नाही. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो वैद्य म्हणून उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात उपचार करणाऱ्यांच्या जबाबदारीची पाच भागांत विभागणी केली आहे. जो निष्णात आहे, ज्याला रुग्णाची परवानगी आहे, ज्याने आपल्या विद्येचा हक्क पूर्ण केला आणि ज्याच्या हाताने मर्यादा ओलांडली नाही, त्याच्या कामातून पुढे काही अपाय उद्भवला तर त्याच्यावर भरपाई नाही. ज्याची परवानगी होती त्या कृत्यातून पसरलेला अपाय वेगळा आणि हलगर्जीपणातून आलेला अपाय वेगळा. बाहेरून पाहता दोन्हींत रुग्ण त्याच खाटेवर परत येतो. म्हणून रुग्ण परत आला एवढ्यावरून डॉक्टरांची कॉलर धरणारे आपले तरुण जसे चुकतात, तसेच रुग्ण परत आला एवढ्यावरून ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून सारे मिटवून टाकणारेही चुकतात.

आता तकदीरीचा प्रश्न. हजरत आदम (अ.) आणि हजरत मूसा (अ.) यांच्यातील संवाद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मूसा (अ.) यांनी आदम (अ.) यांना म्हटले की आपल्यामुळे आम्ही जन्नतबाहेर पडलो. आदम (अ.) यांनी उत्तर दिले की, जी गोष्ट माझ्या निर्मितीपूर्वीच लिहिली गेली तिच्याबद्दल तुम्ही मला दोष देता काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की या वादात आदम (अ.) वरचढ ठरले. मदरशात ही हदीस प्रथम शिकलो तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना मोठी मौज वाटली होती, कोणाकडून कप फुटला की तो लगेच आदम (अ.) यांचा आधार घेई. उस्ताद हसत आणि मग कपाची किंमत वसूल करीत. त्या हसण्याचा अर्थ पुढे इमाम इब्ने तैमिया (रह.) यांच्या विवेचनात मिळाला. ते म्हणतात की तकदीरीचा दाखला कोसळलेल्या संकटाबाबत देता येतो, स्वतःच्या दोषाबाबत नाही. आदम (अ.) यांनी आपल्या चुकीची तौबा केव्हाच केली होती, मूसा (अ.) यांचा प्रश्न त्या चुकीनंतर मानवजातीवर आलेल्या संकटाविषयी होता.

आणि चुकीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आदम (अ.) काय म्हणाले? सूरह अल्-आराफमध्ये दोन्ही उत्तरे थोड्याच आयतींच्या अंतराने आली आहेत. इब्लीसने अल्लाहलाच म्हटले की, तूच मला मार्गावरून ढळवलेस. आदम (अ.) आणि हव्वा (अ.) म्हणाले की, आम्हीच आमच्यावर अन्याय केला. तकदीर दोघांच्याही बाबतीत लिहिलेली होती. एकाने ती ढाल केली, दुसऱ्याने केली नाही.

यावरून चाचांच्या वाक्याचा उलगडा झाला. ‘माझ्या नशिबात होते’ हे त्यांच्या तोंडी पूर्ण सत्य आहे, सबराचे वाक्य आहे, आणि त्याचा मोबदला त्यांना अल्लाहकडे मिळेल अशी आशा आहे. तेच वाक्य मी ‘त्यांच्या नशिबात होते’ असे करून उचलले, तर शब्द जवळजवळ तेच राहतील आणि सत्य उलटे होईल. ज्याच्यावर संकट आले त्याला ते वाक्य म्हणण्याचा अधिकार आहे. ज्याच्या हातून कसूर झाली त्याला नाही.

मेंदूच्या जखमेविषयी बोलताना आणखी एका हदीसची आठवण मला टोचत राहते. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, काही सहाबा प्रवासात असताना त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान अनिवार्य झाले. तयम्मुमची सवलत मला आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्द वापरले: त्या लोकांनी त्याला ठार केले, असे ते म्हणाले. आणि पुढे सांगितले की, माहीत नव्हते तर विचारले का नाही. अज्ञानावर इलाज विचारणे हाच आहे. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मी ती मुलांना अनेक वर्षे तयम्मुमच्या प्रकरणात शिकवत आलो. जखमेवर मसह कसा करावा, पट्टीचा हुकूम काय, एवढेच त्यातून शिकवले. डोक्याला जखम झालेला एक माणूस आणि त्याला घाईने उत्तर देणारे धार्मिक लोक, ही त्यातली मूळ घटना माझ्या नजरेतून निसटली होती.

लक्षात घ्या, त्या जखमी माणसाने विचारले होते. विचारण्याचे कर्तव्य त्याच्याकडून पूर्ण झाले होते. न विचारल्याचा ठपका प्रेषितांनी (स.) उत्तर देणाऱ्यांवर ठेवला. आपल्याकडे उलट समजूत आहे की रुग्णाने विचारले नाही म्हणजे आपण सुटलो. चाचांनी मला विचारले नव्हते हे खरे. पण त्यांनी विचारावे अशी जागा मी त्या रात्रीच्या चार शब्दांनी ठेवली होती काय? भर मशिदीत ज्याची तारीफ झाली तो दुसऱ्या दिवशी रोजा सोडण्याची परवानगी मागायला कोणत्या तोंडाने येणार?

याच्या शेजारी हजरत अम्र बिन आस (रजि.) यांची घटना ठेवावी. जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री स्नान केल्यास जीव जाईल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी तयम्मुम करून सोबत्यांना नमाज पढवली. प्रेषितांनी (स.) जाब विचारला तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या आशयाची सूरह अन्-निसाची आयत पुढे केली. प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. एका घटनेत सवलत नाकारणाऱ्यांवर तो कोप, दुसरीत सवलत घेणाऱ्यापुढे हे हसू. आजारी माणसासाठी रोज्याची संख्या पुढे पूर्ण करण्याची मुभा सूरह अल्-बकरामध्ये रोज्याच्या आदेशाबरोबरच आली आहे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, त्यांना उभ्याने नमाज पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, असे सांगण्यात आले. मणक्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाने डॉक्टरांनी मना केले असताना जमिनीवर सजद्यासाठी कंबर मोडून वाकावे, यात ईशपरायणता कोणती, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

मणक्याच्या रुग्णांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती सांगताना संकोच वाटतो तरी. आमच्या ओळखीतील एका भगिनीचे कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन झाले होते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला लघवी होईना आणि मांड्यांच्या आतील भाग बधिर वाटू लागला. घरात दीर होते, सासरे होते, पती दुसऱ्या गावी कामाला. ती दीड दिवस गप्प राहिली. शेवटी माझ्या पत्नीपाशी बोलली, तेव्हा गाडी करून तिला परत नेले. ही तक्रार मणक्याच्या रुग्णाच्या बाबतीत ताबडतोब परत जाण्याची आहे. नसांवर दाब आलेला असू शकतो आणि येथे तासांना किंमत असते. दीड दिवस तिला कोणी अडवले? हयेने. पण हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) स्त्रीच्या अगदी खाजगी बाबीविषयी प्रश्न विचारला तेव्हा आरंभीच म्हटले होते की अल्लाह सत्याच्या बाबतीत लाजत नाही, आणि धर्म समजून घेण्याच्या आड ज्यांनी लज्जा येऊ दिली नाही त्या अन्सार स्त्रियांची हजरत आयशा (रजि.) यांनी वाखाणणी केली. आम्ही हयेवर खुत्बे देतो. हयेचे हे दुसरे अंग त्यात किती वेळा येते?

पुन्हा दाखल होण्याकडे अपयश म्हणून पाहण्याचा धोका एका मोठ्या देशानेही अनुभवला आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यान्वये ऑक्टोबर २०१२ पासून असा नियम लागू झाला की, ठरावीक आजारांचे रुग्ण तीस दिवसांत अपेक्षेपेक्षा अधिक संख्येने परत दाखल झाले, तर वृद्धांच्या सरकारी विम्यातून त्या रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेत कपात होईल. कपात आरंभी एक टक्क्यापर्यंत होती, पुढे तीन टक्क्यांपर्यंत गेली. आरंभीच्या यादीत हृदयविकाराचा झटका, हृदयाची दुर्बलता आणि न्यूमोनिया हे तीन आजार होते. मेंदूची ऑपरेशने त्यात नव्हती, तरी मोजण्याचा हा रिवाज त्या शाखेतही रुजला. परत येणाऱ्यांची संख्या कमी झाली. मग काही संशोधकांनी विचारले की हृदयाच्या दुर्बलतेच्या रुग्णांत घरी गेल्यानंतरचे मृत्यू याच काळात वाढले, ते का? इतर संशोधकांनी हा संबंध अमान्य केला आणि वाद चालू राहिला. त्याचा निवाडा करणे माझे काम नाही. मला त्यात नियतचा प्रश्न दिसतो. रुग्ण परत येऊ नये म्हणून त्याची काळजी घेणे आणि रुग्ण परत आल्याची नोंद होऊ नये म्हणून काळजी घेणे, ही दोन कामे कागदावर एकसारखी दिसतात.

आपल्या घरांतही तीच मोजणी निराळ्या रूपाने चालते. “ऑपरेशन यशस्वी झाले” असे सर्वांना सांगून झालेले असते, मिठाई वाटलेली असते. मग पाचव्या दिवशी ताप येतो, किंवा डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या सुरू होतात, आणि घरातील कर्ता पुरुष म्हणतो, “उद्यापर्यंत पाहू.” परत जाणे म्हणजे हार, आणि कोणाकोणाला तर तवक्कुलची उणीव वाटते. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते तेव्हा पुढे साथ पसरल्याचे कळले आणि त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांचे उत्तर प्रसिद्ध आहे: होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. रुग्णालयाकडे परत निघालेली गाडीही तकदीरीच्या बाहेर जात नाही.

डिस्चार्ज कार्डाविषयी थोडे. चाचांचे कार्ड मी नंतर वाचायला घेतले. मदरशातील आठ वर्षे आणि मराठीच्या पदवीची तीन वर्षे खर्चून मला त्यातील अर्धे कळले नाही. चाचा मराठी शाळेत शिकलेले, घरातील बोली दखनी, आणि कार्ड इंग्रजीत. त्यात सर्व सूचना होत्या. गोळी किती वेळा, कोणती लक्षणे दिसल्यास त्वरित यावे, टाक्यांना पाणी लागू देऊ नये. रुग्णालयाने आपले काम केले होते, कुटुंबाने सही केली होती. सूरह अन्-निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आदेश आहे. एक जिवंत माणूस एका हातातून दुसऱ्या हातात दिला जात आहे. घेणाऱ्या हाताला ओझे कळले आहे काय, हे विचारल्याखेरीज सोपवणे पूर्ण होते असे मला वाटत नाही. आणि घेणाऱ्यानेही “हो, हो, कळले” म्हणून मान हलवू नये. दुपारची गोळी कोण देणार, हा प्रश्न त्या दिवशी दोन्ही बाजूंनी कोणीच विचारला नव्हता.

पैशाची गोष्टही आहेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे आज गरीब कुटुंबांच्या अनेक मोठ्या ऑपरेशनांचा भार शासन उचलते. जे उरते त्यासाठी मोहल्ल्यात चादर फिरते आणि लोक सढळ हाताने देतात, कारण ऑपरेशन हा शब्द मोठा आहे. पण फेरतपासणीच्या एस. टी. च्या तिकिटासाठी, महिन्याच्या गोळ्यांसाठी, सहा आठवडे बसून राहणाऱ्या हमालाच्या घरच्या आट्यासाठी चादर फिरल्याचे मी पाहिलेले नाही. मग तो हमाल तिसऱ्या आठवड्यात पोते उचलतो. कैरो शहरात सुलतान कलावून यांनी १२८४ साली उभारलेल्या रुग्णालयाच्या वर्णनांत असे येते की, बरा होऊन निघणाऱ्या रुग्णाला कपडे आणि काही रक्कम दिली जाई, म्हणजे त्याला लगेच मजुरीला जावे लागू नये. आमच्या जमातीच्या बैतुलमालमध्ये मागील वर्षापासून यासाठी वेगळी वही केली आहे. वही अजून पातळ आहे.

चाचा आता बरे आहेत. गेल्या दोन रमजानमध्ये त्यांनी रोजे धरले नाहीत आणि तरावीहही घरीच खुर्चीवर बसून अदा केली. या वर्षी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या होत्या, आता सकाळी एक आणि रात्री एक. “मौलाना, आता रोजा धरू काय?” मी त्यांना झोप किती लागते ते विचारले, मागील फिट केव्हा आली ते विचारले, औषधाच्या दुकानातील मुलाकडून कार्ड वाचून घेतले आणि त्यांच्या देखत डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. चंद्र दिसला, पहिला रोजा आला. चाचा सहेरीच्या वेळी दारात उभे होते. मी म्हणालो, “अजून विचारून झालेले नाही, चाचा. आज राहू द्या.” ते घरी गेले आणि चहा प्याले. डॉक्टरांचा फोन त्या दिवशी जुहरनंतर आला.